चारशे लाडू आणि एक दांडा

मागच्या मे महिन्यात पानशेतच्या पुढे अर्धा एकर जागा घेतली, म्हणजे 20 गुंठे, आणि सातबाऱ्यावर नाव लागल्यापासून मी घरातसुद्धा पाटलासारखा चालतो असं बायकोचं म्हणणं. जागा कसली तर नुसता उतार, मुरूम, घाणेरीची झुडपं आणि मधोमध एक भलामोठा धोंडा.

आता रोपं विकत कशाला आणायची, जंगलातली झाडं काय नर्सरीत जातात का, हे माझं लॉजिक. सोसायटीतल्या पोरांना वडापाव चारून 400 सीडबॉल वळून घेतले, शेणखत आणि मातीचे, आत बहावा, करंज आणि कडुलिंब. शेजारच्या शेतातले मामा बांधावर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "लाडू कुणाच्या बारशाचे?"

मृगाचा पाऊस झाला तसे लाडू टाकले. घरून पाटी रंगवून नेलेली, 'येथे जंगल तयार होत आहे, आत येऊ नये'. तिला दांडा तेवढा मामांनीच कोयत्यानं तोडून दिला.

पहिल्या जोरदार पावसात निम्मे लाडू घरंगळत थेट मामांच्या भातखाचरात. कडुलिंबाचं बी मी वर्षभर बरणीत जिवापाड जपलेलं, आणि ते काही आठवड्यांतच मरतं हे मला नंतर कळलं, म्हणजे मी रीतसर दफनविधीच उरकला होता! बहाव्याच्या बीचं कवच कसलं टणक, पॉलिश पेपरनं घासायचं असतं म्हणे, नाहीतर गरम पाण्यात भिजवायचं, मी यातलं काहीच केलं नव्हतं त्यामुळे तो आत अजून घोरत असणार. करंजाचे 7 कोंब आले. त्यातले 4 मी तण म्हणून उपटले.

जुलैत गेलो तर माळ हिरवागार! लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर, धडाधड अंगठे, एका काकांचं तर 'वनमहर्षी' वगैरे. मामा म्हणाले टाकळा हाय तो, दरसाल येतो. बायकोनं कोवळा बघून भाजीला पिशवीभर खुडला. जमिनीचं पहिलं उत्पन्न.

सप्टेंबरात पाटी दिसेना. चोरली वाटतं कुणी, म्हणून तणतणत जवळ गेलो तर पाटी जागच्या जागी, फक्त दांड्याला फुटवे येऊन ती पानांत पार झाकलेली.

"उंदीरमारी हाय ती," मामा म्हणाले, "फांदी खुपसली की जगती."

"अहो मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही लाडवात होता की."