आफ्रिकेच्या ओताऱ्यांबद्दल जे सांगितलं जातं

‘गोरे येईपर्यंत आफ्रिकेला धातुकाम ठाऊक नव्हतं. दगडी बांधकाम दिसतं ते बाहेरच्यांनी केलेलं. आणि धर्म म्हणाल तर निव्वळ जादूटोणा.’ शब्दांच्या थोड्याफार फरकानं हा मजकूर मला आजवर कितीतरी वेळा आला. पाठवणारी माणसं शिकलेली असतात, मनानं वाईटही नसतात. त्यामुळेच तो तसाच पुढे जाऊ द्यावासा वाटत नाही.

आधी धातूचं. आग्नेय नायजेरियात इग्बो-उक्वू नावाचं गाव आहे. १९३८ मध्ये तिथे एकानं घराजवळ पाण्याची टाकी खणायला घेतली आणि काशाच्या वस्तू वर आल्या. पुढे थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञानं १९५९ पासून रीतसर उत्खनन केलं. वस्तू साधारण नवव्या-दहाव्या शतकातल्या ठरल्या. त्यातलं एक भांडं मी छायाचित्रात कितीदा पाहिलं असेल! भोवती दोरीची जाळी घट्ट गुंडाळलेली आहे असं वाटतं. पण ती दोरी, तिचा पीळ, तिच्या गाठी, सगळं काशात ओतलेलं. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्याला लागली पंधराव्या शतकात. म्हणजे ‘शिकवणारे’ यायच्या पाचशे वर्षं आधी शिकलेले हात तिथे काम करत होते.

‘बेनिनचं पितळ तर युरोपातून आलं,’ असा पुढचा मुद्दा असतो, आणि तो बराचसा खरा आहे. (हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, बेनिन नावाचा देश नव्हे.) पोर्तुगीज व्यापारी कड्याच्या आकाराचे पितळी तुकडे आणत. त्यांना ‘मनिला’ म्हणत. बेनिनच्या अनेक शिल्पांतला धातू अशाच, जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातून आलेल्या मनिलांचा असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं. याच कड्यांच्या मोबदल्यात माणसंही विकत घेतली गेली, तेही विसरू नये. पण धातू बाहेरचा म्हणून कसब बाहेरचं कसं होईल? रेशीम दुसरीकडून येतं म्हणून पैठणी येवल्याची नाही असं आपण म्हणत नाही.

आणि ते कसब साधं नाही. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर, त्या मेणात डोळ्यांच्या पापण्यांपासून गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळांपर्यंत सगळं कोरायचं. वर मातीचे लेप. मग तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. मूस फोडल्याशिवाय काय झालंय ते कळत नाही, आणि फोडलेली मूस पुन्हा वापरता येत नाही. आपल्याकडच्या एखाद्या ओताऱ्याला विचारा, हात भरभर चालवून हे होत नाही. बेनिनमध्ये हे काम राजाच्या, म्हणजे ओबाच्या, पदरी असलेल्या ओताऱ्यांच्या संघाकडे होतं. त्यांची इगुन नावाची गल्ली बेनिन सिटीत आजही आहे आणि तिथे आजही ओतकाम होतं.

लोखंडाबद्दल थोडक्यात. टांझानियाच्या हाया लोकांतल्या वृद्ध लोहारांनी १९७० च्या दशकात अभ्यासकांसमोर जुन्या पद्धतीची भट्टी पुन्हा बांधून पोलाद काढून दाखवलं.  पोलाद निघालं, एवढं पुरेसं आहे.

आता दगडी बांधकाम. झिंबाब्वेतल्या ‘ग्रेट झिंबाब्वे’ची मोठी तटबंदी सुमारे २५० मीटर घेराची, काही ठिकाणी ११ मीटर उंच, आणि चुन्याचा एक कणही न वापरता रचलेली. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये तिथे गेला आणि बायबलमधल्या शीबाच्या राणीशी तिचा संबंध जोडून मोकळा झाला. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी खणून सांगितलं की हे स्थानिक आफ्रिकी लोकांचंच काम आहे. तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारला ते छापलेलं नको होतं. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. ‘बाहेरच्यांनी बांधलं’ हे मत पुराव्यावर उभं नव्हतं, ते सरकारनं जपलेलं होतं.

बाहेरचे तिथे पोचले होते, हे मात्र खरं. या भागातल्या उत्खननांत भारतातून आलेले काचेचे मणी मिळाले आहेत. आपल्या चौलला सापडलेले काही मणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे काही मणी एकाच जातीच्या काचेचे निघाले. पण मणी विकायला आलेला व्यापारी सोनं आणि हस्तिदंत घेऊन परततो, गावाची तटबंदी बांधून देत नाही.

राहिला जादूटोणा. चेटकीण ठरवून बायकांचा छळ होतो, हे आफ्रिकेतल्या काही भागांतलं भीषण वास्तव आहे. तसल्या प्रकारांसाठी आपल्यालाही २०१३ मध्ये कायदा करावा लागला. म्हणून वारीला कुणी जादूटोणा म्हणत नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांची कौल घेण्याची ‘इफा’ परंपरा पाहा. बाबालावो, म्हणजे इफाचा जाणता, पामच्या सोळा बिया हातात घेऊन लाकडी थाळीतल्या पिठीवर एक किंवा दोन अशा खुणा आठ वेळा उमटवतो. त्यातून २५६ आकृत्या होतात. प्रत्येकीला ‘ओडू’ म्हणतात, आणि प्रत्येकीमागे कथा-कवनांचा मोठा साठा, तोंडपाठ. तो शिकण्यात वर्षानुवर्षं जातात. युनेस्कोनं २००५ मध्ये इफाची दखल घेतली.

याच योरुबांचा ओगुन हा लोखंडाचा देव. लोहार त्याला मानतात, गाडीचे चालकही मानतात. खंडेनवमीला हत्यारांना आणि यंत्रांना हळदकुंकू लावणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायचं कारण काय?

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो: ‘एवढं होतं तर तिथे जाऊन दिसत का नाही?’ १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेनं बेनिन शहर जिंकलं, ओबाचा राजवाडा लुटला, शहर जळलं. हजारो पितळी आणि हस्तिदंती वस्तू उचलून नेल्या आणि मोहिमेचा खर्च भागवायला त्यातल्या कित्येक विकल्या. त्या लंडन, बर्लिन, व्हिएन्ना अशा शहरांतल्या संग्रहालयांत पोचल्या. जर्मनीनं २०२२ मध्ये अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, नेदरलँड्सनं २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या नऊशेच्या आसपास वस्तू अजून तिथेच आहेत.