पंधराव्या वर्षीचा विश्वास कोणाचा?

जुलै २०२४ मध्ये माझा पंधरा वर्षांचा मुलगा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिसजवळच्या आमच्या लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांबरोबर बसने न्यू ऑर्लिन्सला निघाला, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर थोरल्या मामांनी एकच प्रश्न टाकला : ‘पोराला इतक्या लांब नेऊन तिथे नक्की काय शिकवणार आहेत?’ मामांचे आयुष्य नगरच्या (आता कागदोपत्री अहिल्यानगरच्या) मंडळीच्या कामात गेले आहे. तरीही त्यांचा प्रश्न थेट त्या लोकांच्या तोंडचा होता, जे धर्मांतराच्या संशयाने आमच्या शिबिरांच्या दाराशी येऊन हेच विचारतात. मुलाच्या विश्वासावर ताबा कोणाचा, ही शंका आपल्याकडे आता दोन्ही बाजूंच्या मनात सारखीच मुरली आहे, असे मला त्या दिवशी वाटले.

त्यानंतर सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने धर्मांतरविरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि गटावरची चर्चा पेटली. असे कायदे देशाला नवे नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशाने १९६८ मध्येच तो केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. त्या कायद्यातली एक तरतूद मला नेहमी खटकत आली आहे. बळजबरीने किंवा प्रलोभनाने धर्मांतर केलेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. प्रौढ स्त्री आणि प्रौढ दलित यांना पोरासोरांच्या पंक्तीला बसवणारी ही दृष्टी ‘यांना स्वतःचे मन नसते’ एवढेच सांगते. आणि खुद्द पोरासोरांना मन असते का, हा प्रश्न तर विचारलाही जात नाही.

तो १८४३ मध्येही विचारला गेला नव्हता. मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. वडील न्यायालयात गेले, मुलगा त्यांना परत मिळाला, पण विटाळलेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही यावरून सनातनी मंडळींनी रान उठवले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांचे धैर्यच. परंतु त्या साऱ्या वादात मिशनरी बोलले, वडील बोलले, शास्त्री बोलले. श्रीपतला काय वाटत होते ते आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

आमच्या पिढीत तर विश्वासाचा प्रश्न देवळात येण्याआधी शाळेच्या दाखल्यावर येत असे (नगरकडचे ख्रिस्ती चर्चलाही देऊळच म्हणतात). अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माशी बांधला गेला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना खुला झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. माझ्या एका चुलतभावाच्या दाखल्यावर एक धर्म होता आणि रविवारी त्याच्या हातात ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गीतांचे पुस्तक असे. पंधराव्या वर्षी त्याला कोणी ‘तुझा विश्वास काय?’ असे विचारले असते, तर त्याने आधी विचारणारा शिष्यवृत्तीच्या कचेरीतला आहे की काय हे पाहिले असते. अशा घरात वाढलेल्या मला मुलाच्या सहलीचे संमतिपत्र भरताना हेवा वाटला, हे मान्य करतो. पानेच्या पाने होती : औषधे, ॲलर्जी, आपत्कालीन फोन. धर्माचा रकाना कुठेच नव्हता.

ती सहल म्हणजे ‘इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका’ या संस्थेचा युवामेळावा. तो साधारण दर तीन वर्षांनी एखाद्या मोठ्या शहरात भरतो. मधला एक मेळावा महासाथीमुळे बुडाला आणि २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुमारे १६ हजार जण जमले. तयारी वर्षभर चालली होती. मुलांनी गाड्या धुतल्या, म्हाताऱ्यांच्या अंगणातला पाला गोळा केला, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळी वाढल्या. एका जेवणाला आम्ही दीडशे बटाटेवडे तळून नेले आणि मिरचीला घाबरणाऱ्या नॉर्वेजियन वंशाच्या आज्यांनी ते अर्ध्या तासात संपवले.

मेळाव्याविषयी मी भाबडा नाही. प्रखर दिवे, कर्णकर्कश वाद्यवृंद आणि हजारो समवयस्कांचा गजर यांत कोणत्याही पोराच्या डोळ्यांत पाणी येईल. त्याला विश्वास म्हणायचे तर क्रिकेटचा अंतिम सामनाही उपासना ठरेल. ही संस्था १९८८ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचे सभासद ५० लाखांहून अधिक होते, आज ३० लाखांहूनही कमी आहेत. तरुणांना धरून ठेवण्याची तिची घाई त्या झगमगाटात दिसते. शिवाय ही मंडळी बहुतांशी गोरी आहे, आणि माझा मुलगा तिथल्या छायाचित्रांत चटकन सापडतो, तो आनंदाने नव्हे.

पण परत आल्यावर तो दिव्यांविषयी दोन वाक्येही बोलला नाही. बोलला तो रात्रीच्या बैठकीविषयी. हॉटेलच्या मजल्यावर गालिच्यावर गोल करून बसायचे आणि आज देव कुठे दिसला ते प्रत्येकाने सांगायचे, असा नेम होता. दुसऱ्या रात्री त्याने ‘कुठेच नाही’ असे सांगितले. गटाबरोबर आलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, ‘बरं. उद्या पुन्हा विचारीन.’ ना समजूत, ना प्रार्थना, ना घरी फोन. मी त्या वयात मंडळीच्या तरुण संघात असे बोललो असतो, तर पाळकसाहेब संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसलेले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गट लोअर नाइन्थ वॉर्डात गेला. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात कालव्याची भिंत फुटून ही वस्ती वाहून गेली आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. याच मेळाव्याला २००९ मध्ये ३५ हजारांहून अधिक तरुण तिथे आले होते आणि त्यांनी शहरभर श्रमदान केले होते. एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी या मुलांना सांगितले, की रंग द्यायला पुष्कळ जण आले, पण खुर्ची ओढून बसणारे थोडे. म्हणून ही मुले दोन तास नुसती बसून ऐकत राहिली. जवळजवळ वीस वर्षे रिकामे पडलेले शेजारचे भूखंड दाखवीत त्या बाई देवाला रागे भरत होत्या आणि त्याच दमात त्याचे आभारही मानत होत्या. देवावर रागावता येते, हे मुलाला तिथे कळले. त्या रात्री त्याच्याकडे उत्तर होते. ते काय, हे मी विचारलेले नाही.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५२९ च्या लघुप्रश्नोत्तरावलीत (धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात) प्रत्येक कलमानंतर एकच प्रश्न येतो : याचा अर्थ काय? आणि पवित्र आत्म्याविषयीच्या कलमाचा अर्थ सांगताना ल्यूथर लिहितो, की मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, आत्म्यानेच मला बोलावले आहे. हे वाक्य आपल्याकडच्या वादात दोन्ही पक्षांना अडचणीचे आहे. विश्वास माणसाच्या स्वतःच्या बळानेही येत नसेल, तर तो लादणारा मूर्ख ठरतो आणि कायद्याने रोखू पाहणाराही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली, तेव्हा त्यांच्या मनात असेच काही असावे. आमच्या नगरला हा वारसा आहे. त्यासाठी मिनेसोटाला येण्याची गरज नव्हती.

इथल्या मोकळेपणाची दुसरी बाजूही आहे. इथे विश्वासाची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो सोडायलाही काही लागत नाही. दृढीकरण (लहानपणीच्या बाप्तिस्म्याचा वयात आल्यावर मंडळीसमोर स्वतः केलेला स्वीकार) झाले की पुष्कळ मुले पदवी मिळाल्यासारखी मंडळीतून नाहीशी होतात. माझ्या आईने दाखल्याचा तोटा सोसून ‘ख्रिस्ती’ लिहिले, ते बळ माझ्या मुलात आहे का, मला सांगता येणार नाही. सहलीनंतर त्याने तिला फोनवर विचारले, ‘आजी, तू विश्वास ठेवतेस म्हणजे काय करतेस?’ ती म्हणाली, ‘अरे, पहाटे उठून बोलते त्याच्याशी. कधी भांडते.’ तो बराच वेळ फोन धरून होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, धर्मसुधारणेच्या दिवशी, त्याचे दृढीकरण झाले. बाप्तिस्म्याच्या करारात राहण्याचा तुझा निश्चय आहे काय, या प्रश्नाला ‘होय, आणि देवाने मला साहाय्य करावे व मार्ग दाखवावा’ असे उत्तर असते; ते त्याने जरा घाईत दिले. न्यू ऑर्लिन्सला बरोबर गेलेली त्याच्या वर्गातली एक मुलगी मात्र ‘यंदा नको’ म्हणून आईवडिलांशेजारी बाकावरच बसून राहिली. नंतर तळघरात कॉफीबरोबर केक कापला, त्यावर सगळ्या वर्गाची नावे होती, तिचेही होते. मी त्या केकचे छायाचित्र गटावर टाकले. मामांनी नावे मोजली, आधी पाठवलेल्या दृढीकरणाच्या छायाचित्रातली मुले मोजली आणि विचारले, ‘एक पोर कमी कसं?’ मी खुलासा लिहिला. ‘मग तिला केक कशाचा?’ असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे, आणि त्यावर आमच्या गटावर अजून वाद चालू आहे.