ओएसिस का नाही, टीनएज फॅनक्लब का आहे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तर चार ओळींत मावणार नाही हे तेव्हाच लक्षात आलं, म्हणून आज सवडीने बसून लिहितो आहे.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. बीटल्स सगळे ऐकून झाले, आता त्यांच्यासारखं अनेक आवाजांत गायलेलं आणखी काय ऐकू, असं मला बरेच जण विचारतात. म्हणून मी एका लेखात सात बँडची नावं सुचवली होती: बॅडफिंगर, झॉम्बीज, बर्ड्स, बीच बॉइज, बिग स्टार, टीनएज फॅनक्लब आणि क्राउडेड हाउस. त्यावर तुम्ही लिहिलंत की बॅडफिंगर ही निव्वळ नक्कल आहे, मग मूळच का ऐकू नये. शेवटच्या दोघांचा बीटल्सशी काही संबंध नाही. ओएसिस आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा गाळले हा माझा पूर्वग्रह, आणि हॉलीजचं नाव नाही हे अज्ञान. शेवटचं वाक्य असं होतं: "चाल चांगली असली की झालं, मागे कोण काय गातंय याला कोण विचारतो?"

हॉलीजबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्याकडे नंतर येतो. आधी ते शेवटचं वाक्य, कारण आपला सगळा मतभेद तिथेच आहे.

मागे कोण काय गातंय हे मी विचारतो, आणि सगळ्यात आधी तेच विचारतो. तुमच्या वाक्यामागचा कान मात्र मला परका नाही. आपण सगळे त्याच कानाने वाढलो. भजनात पन्नास टाळकरी उभे असले तरी चाल एकच असते, आणि पन्नास गळे एका सुरात मिळाले की अंगावर काटा येतो. शास्त्रीय मैफलीत गाणारा एक आणि पेटी त्याच्या मागोमाग. एका वेळी एकच सुरावट, आणि तिच्यातच सगळी श्रीमंती. त्यामुळे इंग्रजी गाणं ऐकतानाही आपण सवयीने मुख्य चाल तेवढी उचलतो आणि बाकीच्या आवाजांना साथ समजून सोडून देतो. मीही कितीतरी वर्षं असंच ऐकत होतो.

ते बदललं मुंबईत, वसतिगृहात. माझ्या खोलीत मडगावचा एक मुलगा होता. त्याच्या घरी लग्नकार्यात मांडो, म्हणजे गोव्याची पारंपरिक कोंकणी गाणी, गायचे, आणि मांडो दोन आवाजांत गातात हे मला त्याच्याकडून कळलं. एका संध्याकाळी त्याने गिटार घेतली, मला एक साधी चाल शिकवली आणि म्हणाला, तू ही गात राहा, मी काहीही गायलो तरी तुझी जागा सोडू नकोस. तो माझ्या वरच्या सुरात शिरला आणि मी लगेच त्याच्यामागे वाहत गेलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वाहत गेलो. असं आठवडाभर चाललं. ज्या दिवशी मी माझ्या जागेवर टिकलो, त्या दिवशी खोलीत आम्हा दोघांच्याही गळ्यात नसलेलं असं काहीतरी वाजलं. तो तिसरा आवाज मी अजून विसरलेलो नाही. माझी ती यादी त्या आवाजाच्या शोधात केलेली आहे.

घरी पेटी असेल तर हे पाच मिनिटांत करून पाहता येतं. तुम्ही सा रे ग रे सा म्हणा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी ग म प म ग म्हणायला सांगा. दोघंही सोपंच गाताहेत, पण एकत्र ऐकलं की त्या सोप्या चालीला खोली येते. एव्हर्ली बंधू, म्हणजे डॉन आणि फिल ही अमेरिकन गायक जोडी, बरंचसं असंच गायचे, आणि बीटल्सचे जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी त्यांचे भक्त होते. १९६३च्या जानेवारीत आलेलं 'प्लीज प्लीज मी' ऐका. कडव्यात लेनन तार षड्जावरून पायरी पायरी खाली उतरतो आणि मॅकार्टनी मात्र त्या षड्जावरच ठाम उभा राहतो. एव्हर्ली बंधूंच्या १९६०च्या 'कॅथीज क्लाउन'मधली युक्ती आहे ती. आपल्या भाषेत सांगायचं तर एक आवाज तंबोरा झाला आणि दुसरा चाल. त्या गाण्यातून वरचा आवाज काढून टाकला तर चाल तीच राहील, गाणं राहणार नाही.

चाल हेच सर्वस्व असतं तर बीटल्सनी 'बिकॉज'साठी एवढा खटाटोप केला नसता. १९६९च्या ऑगस्टमध्ये लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांनी मिळून त्याचे तीन आवाज गायले, मग त्यावर पुन्हा तेच, आणि आणखी एकदा. एकूण नऊ आवाज. १९९६ साली निघालेल्या 'अँथॉलॉजी ३'मध्ये त्याचं वाद्यांशिवायचं, नुसत्या आवाजांचं रूप आहे. तुम्ही एवढी एकच गोष्ट ऐकलीत तरी हे उत्तर लिहिल्याचं मला समाधान वाटेल.

आता ओएसिस. त्यांचं वाद्यांचं वजन, कॉर्डची वळणं, केसांची ठेवणसुद्धा बीटल्सची आठवण करून देते, हे खरं. लिअम गॅलाघरचा गळा मला आवडतो. पण तो एकट्याचा गळा आहे. १९९५चं त्यांचं 'ॲक्विएस' घ्या. लिअम आणि नोएल हे दोघे भाऊ त्यात गातात, आणि गाणं उत्तम आहे. पण कडवं लिअमचं आणि धृपद नोएलचं. एक थांबतो तेव्हा दुसरा येतो. दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या जागा धरून उभे आहेत असं त्यांच्याकडे फार थोड्या वेळा घडतं. ज्याला बीटल्सचा जोर हवा आहे त्याला मीसुद्धा ओएसिसच सुचवेन. मला विचारणाऱ्यांना मात्र बीटल्सच्या 'धिस बॉय'सारखं, तीन आवाजांत गायलेलं काही हवं होतं.

इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राबद्दल मी एवढा ठाम नाही. त्यांचा जेफ लिन सुरांचा मोठा कारागीर आहे, आणि उरलेल्या तीन बीटल्सनी १९९५ साली आलेलं 'फ्री ॲज अ बर्ड' पूर्ण करताना मदतीला त्यालाच घेतलं, हे बरंच काही सांगतं. पण त्याच्या रचनांत आवाजांचे थर पुष्कळदा स्टुडिओत एकावर एक बांधलेले असतात, आणि मला माणसं एकमेकांकडे बघत गाताना ऐकायची होती. ही माझी आवड आहे, त्याचं उणेपण नव्हे. 'मिस्टर ब्लू स्काय' कुणीही खुशाल ऐकावं.

बॅडफिंगरवर मला जास्त बोलायचं आहे, कारण 'नक्कल' हा शब्द मला लागला. स्वान्सीची ही मुलं आधी आयव्हीज नावाने वाजवत होती, आणि १९६८ साली बीटल्सच्या ॲपल कंपनीने त्यांना घेतलं. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं 'कम अँड गेट इट' मॅकार्टनीने लिहिलेलं. २४ जुलै १९६९ला त्याने एकट्याने सगळी वाद्यं वाजवून त्याचा नमुना मुद्रित केला, आणि यांना बजावलं की अगदी असंच करा. तो नमुनाही 'अँथॉलॉजी ३'मध्ये आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकली तर तुमचा आक्षेप त्या एका गाण्यापुरता खरा ठरतो, आणि तो नक्कल करायला सांगितल्यामुळेच खरा ठरतो.

पण पुढे? १९७०चं 'नो मॅटर व्हॉट' बँडमधल्या पीट हॅमने लिहिलं. त्यात वरच्या आवाजांची जी झेप आहे ती कुणी सांगून आलेली नाही. त्याच वर्षीच्या 'नो डाइस'मध्ये 'विदाउट यू' आहे. बहुतेकांना ते हॅरी निल्सनचं किंवा मरायाह कॅरीचं गाणं वाटतं. प्रत्यक्षात हॅमकडे कडवं होतं, टॉम इव्हान्सकडे धृपद होतं, आणि दोन अर्धवट गाणी जोडून हे एक झालं. निल्सनने ते एकट्याच्या आक्रोशासारखं गायलं आणि १९७२ साली ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ मुद्रणात तो आक्रोश नाही. तिथे धृपदातलं दुःख दोघं वाटून घेतात, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. १९७१च्या 'डे आफ्टर डे'मध्ये तर जॉर्ज हॅरिसन स्वतः निर्माता होता आणि हॅमबरोबर स्लाइड गिटार वाजवायला बसला होता. नक्कल करणाऱ्यांबरोबर मूळ माणूस असा वाजवायला बसत नाही. पैशांच्या भानगडींत हा बँड भरडला गेला. हॅमने १९७५ साली आणि इव्हान्सने १९८३ साली स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या दोघांच्या नावापुढे 'नक्कल' हा शब्द मला बघवत नाही.

आणि कोण कुणाचं घेतो, हा हिशेब या मंडळींत लावताच येत नाही. १९६४ साली बीटल्सचा चित्रपट बघून रॉजर मॅग्विनने बारा तारांची रिकनबॅकर गिटार घेतली. बर्ड्समध्ये तो आणि जीन क्लार्क एकाच सुरात मुख्य चाल धरायचे, त्यामुळे डेव्हिड क्रॉस्बीला वर-खाली हिंडायला मोकळं रान मिळायचं. पुढे बर्ड्सच्या 'बेल्स ऑफ ऱ्हिम्नी'मधली गिटारची सुरावट घेऊन हॅरिसनने 'इफ आय नीडेड समवन' रचलं, तेही १९६५ सालीच. ते ज्या 'रबर सोल'वर आलं ते ऐकून बीच बॉइजचा ब्रायन विल्सन 'पेट साउंड्स'च्या मागे लागला. १९६६च्या त्या अल्बममधल्या 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी आवाज एकमेकांचा पाठलाग करत फिरतात. ते मॅकार्टनीच्या अतिशय आवडीचं गाणं. यात मूळ कोण आणि नक्कल कोण?

झॉम्बीजवर तुमचा आक्षेप नाही, तरी एक सांगायचा मोह होतो. रॉड आर्जंट लहानपणी सेंट ऑल्बन्सच्या कॅथीड्रलमध्ये कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात गायचा. १९६७ साली त्यांनी 'ओडेसी अँड ऑरॅकल' बरंचसं बीटल्सच्याच ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित केलं, आणि १९६८ साली तो अल्बम बाजारात आला तेव्हा बँड फुटलेला होता. पहिल्याच गाण्यात, 'केअर ऑफ सेल ४४'मध्ये, मधेच शब्द थांबतात आणि फक्त आवाज उरतात. तिथे कॅथीड्रल ऐकू येतं.

आता हॉलीज. ॲलन क्लार्क आणि ग्रॅहम नॅश सॅल्फर्डच्या शाळेपासूनचे मित्र, आणि दोघं लहानपणी एव्हर्ली बंधूंसारखं गायचे. टोनी हिक्सचा तिसरा आवाज येऊन मिळाला आणि नॅश सगळ्यात वर गेला. १९६६ साली खुद्द एव्हर्ली बंधू लंडनला आले आणि त्यांनी जो अल्बम केला त्यातली बारांपैकी आठ गाणी हॉलीजच्या या तिघांनी लिहिलेली होती. माझ्याच कसोटीवर हा बँड यादीत वर असायला हवा होता. तो सुटला, कारण मी यादी करताना फक्त अल्बम डोळ्यांपुढे ठेवले, आणि हॉलीजचं सगळ्यात सुंदर काम सुट्या गाण्यांत आहे. 'बस स्टॉप' मूळ लेखात आजच घातलं आहे, आणि तुमच्या सूचनेवरून असं तिथे लिहिलंही आहे.

राहिले टीनएज फॅनक्लब आणि क्राउडेड हाउस. ग्लासगोच्या फॅनक्लबच्या गिटारी बीटल्ससारख्या वाजत नाहीत, मान्य. पण तिथे गाणी लिहिणारे तिघे होते, नॉर्मन ब्लेक, रेमंड मॅगिन्ली आणि जेरार्ड लव्ह. ज्याचं गाणं तो पुढे, आणि बाकीचे त्याच्या मागे आवाज धरून उभे. एकाच बँडमध्ये तीन कवी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाण्याला स्वतःचा गळा देतो, ही घडण मला बीटल्सनंतर इतकी मोकळेपणाने फार कमी ठिकाणी सापडली. १९९५चा 'ग्राँ प्री' लावा आणि 'स्पार्कीज ड्रीम'पासून सुरुवात करा.

क्राउडेड हाउसमध्ये नील फिनबरोबर त्याचा थोरला भाऊ टिम १९९१च्या 'वुडफेस'साठी आला. न्यूझीलंडच्या ते अवामुतू या गावचे हे दोघे. भावांच्या गळ्यात एक गंमत असते. स्वर वेगळे असले तरी 'आ' आणि 'ओ' उच्चारायची लकब एकच असते, त्यामुळे दोन आवाजांमधली फट बुजते. एव्हर्ली बंधूंमध्ये ते आहे, विल्सन बंधूंमध्ये आहे, आणि 'वुडफेस'मधल्या 'इट्स ओन्ली नॅचरल'मध्येही आहे.

जाता जाता एक. हॅरिसन १९६८च्या जानेवारीत मुंबईत आला होता आणि 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत त्याने इथल्या वादकांना घेऊन मुद्रित केलं. ते गाणं तुम्हाला नक्की आवडेल, कारण ते आपल्या पद्धतीचं आहे: एकच सुरावट, आणि वाद्यं तिच्यासोबत. पण अगदी शेवटच्या ओळींकडे लक्ष द्या. लेनन आणि मॅकार्टनी तिथे हळूच येऊन मिळतात.

तुम्ही पुन्हा लिहाल अशी आशा आहे. त्याआधी 'धिस बॉय' कानाला हेडफोन लावून ऐका. वरचा आवाज सहज सापडतो, खालचाही सापडतो. मधला धरून शेवटपर्यंत त्याच्यासोबत जायचा प्रयत्न करा. मला सगळ्यात जास्त दिवस लागले ते त्यालाच.