तेहतीस इंची जावई

उभा जन्म मी सातपूरच्या एका कारखान्यात गिअर कापण्यात घालवला. हॉबिंग मशिनसमोर उभं राहून दात मोजायची अशी सवय जडली की रिटायर झाल्यावरही कुठलं चक्र फिरताना दिसलं की मी मनातल्या मनात त्याचा रेशो काढतो. या विषयावर मी बायकोला, शेजाऱ्यांना, अगदी दूधवाल्यालाही, त्यांनी विचारलेलं नसताना, तासभर सांगू शकतो. फक्त जावयाला सांगू शकत नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. जावई बोलतात, सासऱ्याने ‘वा, छान’ म्हणायचं असतं.

जावईबापूंनी थार घेतली तेव्हा मी मनापासून ‘वा, छान’ म्हटलं होतं. एक तर गाडी नाशिकच्याच कारखान्यात बनलेली. शिवाय २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १३० हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. खाली टायर २४५/७५ आर१६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ७५ टक्के, आत १६ इंची रिम. टायर उभा मोजला तर ७७४ मिलिमीटर, साडेतीस इंच. इंजिन, गिअर, ब्रेक आणि चाक या चौघांचं कुणीतरी डोकं लावून जमवून दिलेलं होतं. मला काही सुचवायला जागाच नव्हती.

जावयांना मात्र सुचलं.

त्या वर्षी, २०२३ साली, अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना. हिने जावयांना वाण द्यायला रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे तळले, तांब्याच्या ताटात मांडले, जाळी पडली की नाही ते चष्मा लावून तपासलं. आणि दारात जी गाडी येऊन उभी राहिली ती मी आधी ओळखलीच नाही. मडगार्डच्या बाहेर वीतभर चाकं आलेली, चाकांवर मुठीएवढे गट्टू.

“बाबा, २८५/७५,” जावई ताटाकडे बघत म्हणाले, “योगायोग बघा. हेपण तेहतीस!”

८३४ मिलिमीटर. म्हणजे पावणेतेहतीसच्या थोडं वर, पण अनारशांच्या ताटासमोर दशांश काढणं मला बरं दिसेना. मी ‘वा, छान’ म्हणालो. लेकीने किंमत सांगितली नाही, त्यावरून मी किमतीचा अंदाज केला.

“गाडी केवढी उंच झाली ना?” जावई.

आता हिशोब बघा. टायर वाढला ६० मिलिमीटर. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. उरलेले ३० मिलिमीटर आसाच्या वरच्या अंगाला वाढतात, आणि तिथे गाडीचं मडगार्ड असतं. ते कुठे गेले याचा पत्ता द्वारका चौकात लागला. यू-टर्नला जावयांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि समोरून ‘खर्रर्र’ असा आवाज आला.

“घाण अडकली असेल,” जावई म्हणाले.

“असेल,” मी म्हणालो.

मग वणीला निघालो. हिच्या मनात गडावर जायचं होतं. दिंडोरी सोडल्यावर मोकळा रस्ता लागला तशी गाडी सहाव्या गिअरमध्ये गेली आणि बारीकशा चढावर कुंथायला लागली. पाचवा. पुन्हा सहावा. पुन्हा पाचवा. काट्यावर ८० दिसत होते, पण गाडीला आपले टायर बदललेत हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती अजून जुन्याच परिघाने हिशोब करत होती. खरा वेग ८६. माझ्या मोबाइलवरचा नकाशा तो आकडा दाखवत होता. मी मोबाइल उपडा ठेवला.

“अॅव्हरेज फार पडलंय हो,” जावई म्हणाले. इथे मात्र मला राहवलं नाही. गाडी शंभर किलोमीटर चालली की मीटरवर ९३च पडतात, त्यामुळे अॅव्हरेज पडलंय त्यापेक्षा जास्त पडल्यासारखं दिसतं, असं मी सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. मलाही. उरलेलं मात्र खरोखरच पडलं होतं, ते मी सांगितलं नाही.

नांदुरीला घाट सुरू झाला.

विहिरीवरच्या रहाटाचा कणा जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, पण बादली वर आणताना दंड भरून येतात. मोठ्या टायरचं नेमकं तेच आहे. इंजिनाची ताकद कुठे जात नाही, बॉनेटखाली १३० घोडे १३०च असतात. पण चाकाची त्रिज्या वाढली की जमिनीवर पोचणारी ओढ त्याच प्रमाणात घटते. ७७४ला ८३४ने भागा. सात टक्के ओढ गेली. जणू कारखान्याने दिलेले सगळेच गिअर कुणीतरी थोडे थोडे उंच करून ठेवलेत: दुसरा आता पुरता दुसरा नाही, आणि तिसऱ्याशी त्याची सोयरीक जुळलेली. वर टायर जड, आणि ते वजन आसाजवळ नाही तर परिघावर. तिथलं वजन फिरवायला सर्वांत महाग पडतं, आणि फिरलेलं थांबवायलाही.

हे सगळं मला मागच्या सीटवर तोंडपाठ येत होतं. पुढे दुसरा गिअर धापा टाकत होता, पहिला किंचाळत होता. वळणावर पुढची एसटी थांबली, मागे आम्ही थांबलो. एसटी निघाली. आम्ही निघायला गेलो तर गाडी आधी मागे आली. मग अर्धा क्लच, थोडा आणखी अर्धा क्लच, आणि वास.

“अहो, कुणाचं तरी काहीतरी जळतंय,” ही म्हणाली.

“पुढच्या एसटीचं असेल,” जावई म्हणाले. एसटी तोवर दोन वळणं वर गेली होती.

“फोर-लो टाकू का, बाबा?”

फोर-लो म्हणजे चारही चाकांना एकदम ओढ देणारा सर्वांत सावकाश गिअर. प्रश्न थेट मला होता, म्हणजे उत्तर द्यायला धर्माची आडकाठी नव्हती. मी म्हणालो, डांबरावर नको. या गाडीत फोर-व्हील टाकली की पुढचा आणि मागचा आस एकत्र बांधला जातो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबून जावं लागतं, आणि चिखल नसला की चाकांना घसरायला वाव मिळत नाही. मग सगळा पीळ गिअरांवर येतो. “गिअरांवर” म्हणताना माझा आवाज जरा कापला असावा, कारण लेकीने मागे वळून पाहिलं.

उतरताना तर मी सप्तशृंगीचं नाव घेतच होतो. डिस्क त्याच, पॅड तेच, चाक मात्र जड आणि लांब हाताचं. जावई ब्रेकवर जवळजवळ उभे होते.

एक गोष्ट कबूल करायला हवी. परतीच्या वाटेवर एका कच्च्या रस्त्याला त्यांनी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली, फोर-लो टाकला आणि गुडघाभर चिखलातून गाडी अशी काही काढली की मी टाळ्या वाजवल्या. तिथे तो गट्टूंचा टायर राजा होता. फक्त जावयांचं ऑफिस कॉलेज रोडला आहे.

पुढे मेकॅनिकने तेच सांगितलं जे मी सांगितलं नव्हतं: टायर ठेवायचे तर आसातली शेवटची गिअरजोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, बदला, जास्त रेशोचं टाका, म्हणजे गेलेली ओढ परत येईल. पुढचं आणि मागचं दोन्ही, सारख्याच रेशोचं. नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन्ही आस एकमेकांशी भांडतील. खर्च ऐकून जावई माझ्याकडे आले. “बाबा, क्राउन-पिनियन म्हणजे नक्की काय हो?”

मी कागद, पेन्सिल, चष्मा घेतला. हायपॉइडचे वाकडे दात, जोडीनेच लॅप केलेली क्राउन आणि पिनियन, बॅकलॅश, प्रीलोड. त्यांनी दोनदा चहा मागितला, एकदा मोबाइल पाहिला, पण उठले नाहीत. लग्नानंतर प्रथमच.

शेवटी म्हणाले, “त्यापेक्षा बाबा, ते कंपनीचे जुने टायर तुमच्याकडेच ठेवलेत ना?”

होते. इंदिरानगरच्या आमच्या घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर. मी त्यांना घेऊन मागे गेलो. चारही टायर आडवे मांडलेले, आत माती, आणि मातीत गुडघाभर काळ्या देठाचा अळू.

“एकालाही हात लावायचा नाही,” ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. “जावईबापू, परवा वड्या खाल्ल्या त्या कुठल्या होत्या असं वाटलं तुम्हाला?”