‘दुःखाची पुस्तकं वाचू नका’ म्हणणाऱ्यांना

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. ज्यांच्या घरात कुणी गेलंय त्यांनी दुसऱ्यांच्या दुःखाची आणि चुकांची आत्मचरित्रं वाचू नयेत, त्यानं मन अधिकच खचतं, असं त्यात म्हटलंय. शिवाय असं उघडं लिहिणं हे पाश्चात्त्य खूळ, त्यातून गेलेल्या माणसाची बदनामी होते, आणि जो स्वतःच चुकला तो दुसऱ्याला काय शिकवणार, असंही. अनेकांनी हात जोडून पुढे पाठवलाय. मला तो चुकीचा वाटतो, आणि दुखावलेल्या माणसापर्यंत पोचला तर घातकही.

पाश्चात्त्य खुळाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात फार दम नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, आणि त्याच अभंगात धंद्यात तूट आली, जिवाला लाज वाटली, हेही. वारकऱ्यांना ते ऐकताना कधी संकोच वाटला नाही.

आता मन खचण्याचं. आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचे यजमान इस्पितळात वारले, तेव्हा काकू खाली चहा घ्यायला गेल्या होत्या. दहाव्या-तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, ‘तुम्ही किती केलंत हो त्यांचं!’ त्या वाक्यानं त्यांच्या पोटात खड्डा पडायचा. चहाचं कुणाला सांगवत नव्हतं. पुढे त्यांच्या हाती गांधीजींची आत्मकथा आली. १९२५पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः छापलेली ती मूळ गुजरातीत वाचणं इथल्या मराठी माणसाला जड नाही. सोळा वर्षांचे गांधी रोज रात्री आजारी वडिलांचे पाय चेपायचे. त्या रात्री काका म्हणाले, तू जा, मी बसतो. गांधी बायकोच्या खोलीत गेले, आणि पाच-सहा मिनिटांत नोकरानं दार वाजवलं. वडील गेले होते. आपण वासनेपायी तिथून उठलो, हा डाग कधी पुसता आला नाही, असं त्यांनी लिहिलंय. काकूंनी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच चहाची गोष्ट मुलीला सांगितली.

दुःख कमी झालं का? नाही. पण जे भेटायला आलेल्यांसमोर बोलता येत नव्हतं, ते कुणीतरी स्वतःच्या नावानिशी छापून ठेवलंय, याचा त्यांना आधार झाला. ‘सकारात्मक राहा’ हे सांगणाऱ्या पुस्तकाला चहाची गोष्ट ठाऊकच नसते. अर्थात पहिल्या दिवसांत कुणाला एक ओळही सोसवणार नाही, त्याला आग्रह करू नये. आणि झोप-जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं असेल तर पुस्तकावर न थांबता डॉक्टरांकडे न्यावं.

बदनामीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. म्हणून लिहिणारा दोषातला आपला वाटा उचलतो का, ते मी पाहते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, १९३४पासून भागाभागानं आलेली. नवऱ्याचा तापटपणा, न सांगता घरातून निघून जाणं, १८९५मध्ये तो ख्रिस्ती झाल्यावर झालेली वर्षानुवर्षांची ताटातूट, काहीच त्यांनी झाकलं नाही. पण स्वतःचा हट्ट आणि वेंधळेपणाही तितक्याच मोकळेपणी मांडला. ते वाचून कवी टिळकांबद्दलचा माझा आदर तसूभरही घटला नाही. उलट ज्या पुस्तकात लिहिणारा तेवढा धुतल्या तांदळाचा आणि बाकी सगळे गुन्हेगार, ते मी अर्ध्यावर ठेवते.

राहिला शिकवण्याचा प्रश्न. काकूंना शिकवण नको होती. वर्गात बसायला कुणी ही पुस्तकं उघडत नाही.

तेव्हा हा मेसेज निदान सुतकातल्या घरी तरी पाठवू नका. तिथं कुणाला वाचावंसं वाटलं, तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तक आणून द्या, आणि वाचून झालं का म्हणून मागे लागू नका.