‘पाच वर्षांत जमलं नाही तर नोकरी धरावी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

देशातल्या गोल्फ टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, वर्षभर खेळून खर्चही वसूल न झालेल्या एका मुलाबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला रुचलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ, त्यांचं कसलं कौतुक, पाच वर्षांत वरच्या टूरवर जाता आलं नाही म्हणजे वकूबच नाही, मग सरळ नोकरी धरावी, आणि इंदूरच्या माणसाला खेळावर लिहायचंच असेल तर रणजी पडलंय की!

रणजीचंच घेऊ. क्रिकेट मंडळाने 2021 मध्ये ठरवलेल्या दरांप्रमाणे रणजीत नव्याने आलेल्या, अकरांत खेळणाऱ्या मुलालाही दिवसाला 40,000 रुपये मिळतात. पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला म्हणून त्यातला रुपयाही कापत नाहीत. पीजीटीआयवर, म्हणजे आपल्या देशी व्यावसायिक टूरवर, गणित उलटं. प्रवेश शुल्क, रेल्वे नाहीतर विमान, हॉटेल, कॅडीचे (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे, सगळं खेळाडूच्या खिशातून. दोन दिवसांत 36 होल झाले की कट लागतो. सर्वांत कमी फटके लागलेले पहिले 50 आणि त्यांच्याशी बरोबरी असलेले पुढे खेळतात, उरलेले सामान आवरतात. त्यांना बक्षिसातलं काहीही मिळत नाही. एक कोटीची स्पर्धा असली तर विजेत्याला 15 लाख. तिथून खाली रक्कम अशी झरझर उतरते की कट पार करूनही तळाला राहिलेल्याने फार खूश व्हावं असं काही नसतं.

आणि कट हुकतो कितीने? बऱ्याचदा एका फटक्याने. दोन दिवसांत साधारण 140 ते 145 फटके मारायचे, आणि त्यातला एक चार फुटी पट, म्हणजे चेंडू होलमध्ये घरंगळवायचा हलका फटका, होलच्या कडेवरून वळला की आठवडा पाण्यात. हॉटेलचं बिल मात्र तेवढंच.

असं सलग चार-पाच स्पर्धांत झालं तर पुढच्या स्पर्धेला कोण जाऊ शकतो? ज्याच्या घरी पैसा आहे तो. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य मी खोडत नाहीच. पण ते खरं धरलं तर दुसरं टिकत नाही, काका! किती संधी मिळणार हे पैसा ठरवत असेल, तर वर न गेलेल्याला वकूब नव्हता हे कशावरून ठरवायचं? दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता येत नाहीत.

शिवाय सगळेच पैसेवाले, हेही पुरतं खरं नाही. अली शेर कॅडी होते, आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकले.

आता तुमची पाच वर्षांची मुदत. ती महूत जाऊन सांगा, इथून तासाभराचीही वाट नाही. महूचे मुकेश कुमार देशांतर्गत टूरवर वर्षानुवर्षं खेळले, शंभराहून अधिक स्पर्धा जिंकले. आशियाई टूरवरचं त्यांचं पहिलं विजेतेपद 2016 मध्ये आलं, पॅनासॉनिक ओपन इंडियात, वयाच्या 51व्या वर्षी. त्याआधीची त्यांची सगळी वर्षं तुमच्या हिशेबात वकूब नसल्याचा पुरावा ठरतात. मला तर तो संसार चालवणारा धंदा दिसतो, अवघड असेल पण धंदा. खालची टूर म्हणजे वरच्या टूरचं वेटिंग रूम, हीच मुळात टीव्हीवर फक्त मोठ्या स्पर्धा पाहिल्याने झालेली समजूत आहे.

महूचेच ओमप्रकाश चौहान. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूला चॅलेंज टूरची स्पर्धा जिंकले. ही युरोपातली दुसऱ्या फळीची टूर, म्हणजे तुमच्या भाषेत ‘खालचीच’. त्याच वर्षी पीजीटीआयच्या क्रमवारीत ते पहिले आले आणि त्या जोरावर 2024 साठी डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपातल्या पहिल्या फळीच्या टूरचं, कार्ड (मोसमभर खेळायचा हक्क) मिळालं. इंदूरच्या मराठी घरांतून सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींचे किस्से अजून निघतात, निघावेतच. पण शेजारच्या गावातल्या या दोघांची नावं किती घरांत ठाऊक आहेत? मी लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

अर्जुन अटवालचं उदाहरण तर तुम्हाला आवडेल असं आहे. 2010 मध्ये त्यांचं अमेरिकी पीजीए टूरचं कार्ड गेलं होतं. स्पर्धेआधी उरलेल्या मोजक्या जागांसाठी होणारी सोमवारची पात्रता फेरी खेळून ते विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरले आणि जिंकलेही. त्या सोमवारी कोणी त्यांना नोकरी धरायला सांगितलं असतं तर?

गोल्फच्या मैदानाला लागणाऱ्या पाण्याचा तुमचा मुद्दा मात्र मान्य. नर्मदेचं पाणी इतक्या लांबून पंपाने चढवून आणणाऱ्या शहरात तो विचारायलाच हवा. त्यावर वेगळं लिहीन.

राहता राहिला तो मुलगा. त्याचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पैसेवाले नाहीत. तो सकाळी क्लबात नवशिक्यांना शिकवतो आणि त्या पैशांतून पुढच्या मोसमाचं प्रवेश शुल्क जमवतो आहे. म्हणजे नोकरी त्याने धरलेलीच आहे, फक्त खेळणं सोडलेलं नाही. आणि काका, मुदत पाचच वर्षांची का, तीन किंवा बारा का नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं सांगा, मग पुढे बोलू.