दीड तासाचं काम आणि अकरा मिलिमीटर

पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तर वाचा.

काम इतकंसं होतं. बाईकच्या पुढच्या शॉकपच्या स्प्रिंगा बदलायच्या आणि त्यातलं ऑइल बदलायचं. रविवारी सकाळी लागलो तर पोहे होईपर्यंत परत येतो असं मी घरी सांगून गेलो होतो, आणि हे वाक्य नंतर तीन आठवडे मला रोज ऐकवलं गेलं.

गाडी पल्सर २२०, २०१४ ची, ७४,००० किलोमीटर झालेत. त्यात माझं वजन ९२ (बायकोच्या मते ९६). एवढ्या वर्षांत कुठलीही स्प्रिंग थकणारच, गाडीला दोष नाही. पण ब्रेक मारला की पुढून साष्टांग नमस्कार घालायची आणि कात्रजचा जुना घाट उतरताना प्रत्येक वळणाला पोटात गोळा. मग मी माप काढलं. चाक हवेत असताना शॉकपच्या नळीवर एक झिप टाय बांधून सीलला टेकवायचा, गाडी जमिनीवर घ्यायची, नेहमीसारखं बसायचं, हळूच उतरायचं आणि झिप टाय किती सरकला ते मोजायचं. पुढच्या शॉकपचा एकूण प्रवास १३० मिलिमीटर, त्यातला पाव ते एक तृतीयांश तुमच्या वजनाने गेला तर ठीक. माझे ५३ गेले होते. म्हणजे खड्डा यायच्या आधीच चाळीस टक्के हिशोब संपलेला.

म्हणून ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा मागवल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या स्प्रिंगचे एका बाजूचे वेढे जवळजवळ असतात आणि दुसऱ्या बाजूचे लांब, त्यामुळे छोट्या खड्ड्याला मऊ आणि जोरात दाबली की कडक. कुणाच्या मागवल्या ते लिहीत नाही, उगाच कटकट नको.

फिटिंग आमच्या गॅरेजवाल्या मामांकडे. मामा म्हणजे नात्यातले नाहीत, अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांना मी शॉकपमध्ये इंजिन ऑइल टाकू दिलं नाही एवढाच आमचा त्या दिवशीचा वाद. फोर्क ऑइल (शॉकपचं खास ऑइल) १५ डब्ल्यू जाडीचं नेलं होतं आणि लिटर मिलिलिटर न बघता नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंतची गॅप मोजून भरलं, स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, आणि जास्तीचं ऑइल मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने ओढून काढलं. मामा म्हणाले दादा हे तुम्ही दवाखान्यासारखं चालवलंय. पण केलं सगळं नीट, दोन्ही बाजूला सारखं.

आणि काय गाडी झाली राव! माप ३८ वर आलं. खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, ब्रेक मारला तरी नाक जागेवर, मी दोन मित्रांना फोन करून पकवलं.

नवव्या दिवशी सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीड ब्रेकरवरून उतरलो आणि पुढून आवाज आला. टक.

एकदाच. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येक ब्रेकरला. चढताना नाही, उतरताना, चाक खाली सुटतं त्या क्षणाला. हे मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर ही पोस्ट चार ओळींची झाली असती, पण मी काय केलं तर पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवली, हँडलच्या मुळाशी हात लावला आणि स्वतःला पटवून दिलं की कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. मामांनी स्वतः बघून सांगितलं, दादा कोनसेट चांगला आहे. मी ऐकलं नाही. नवीन कोनसेट, मजुरीसकट ११०० रुपये. गाडी बाहेर काढली, पहिलाच ब्रेकर, टक.

मग ब्रेकचे पॅड बघितले, मडगार्डचे बोल्ट बघितले, एक्सल ढिला करून शॉकप चार वेळा दाबून परत टाइट केला. टक टक टक. आणि मग मी गॅरेजमध्ये, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मामांना म्हणालो की तुम्ही फिटिंगमध्ये काहीतरी घोळ घातलाय. ते काहीच बोलले नाहीत. पोराला म्हणाले, काढ रे शॉकप.

दोन्ही स्प्रिंगा ऑइल पुसून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि मामांनी दोन्हींच्या डोक्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पट्टी घसरगुंडीसारखी सरळ खाली आली. मोजलं तर एक स्प्रिंग दुसरीपेक्षा ११ मिलिमीटर बुटकी. फिट केल्या तेव्हा दोन्ही सारख्याच दिसत होत्या, म्हणजे डोळ्यांना, कारण मोजल्या कोणीच नव्हत्या. नवीन पाकिटातला पार्ट कोण मोजतो?

शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका भोसरीला स्प्रिंगच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांना संध्याकाळी बुटकी स्प्रिंग दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली, वेढ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले बसलीये ही, म्हणजे दबून कायमची बुटकी झालीये. एक तर पाणी नीट दिलेलं नाही, नाहीतर दाबून घेतली नाही. कोयत्याला पाणी देतात तसंच, स्टील तापवून, थंड करून, परत बेताचं तापवायचं, त्यात चुकलं की स्प्रिंग दिसायला स्प्रिंग पण गुण तारेचा. आणि चांगला कारखाना स्प्रिंग बनवल्यावर ती वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबून सोडतो, जेवढी बसायची तेवढी तिथेच बसते आणि मग उंची मोजतात. ही तेवढं बसायचं काम माझ्या शॉकपमध्ये करत होती. पूर्ण उघडलेल्या शॉकपमध्येही स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहायला हवी, तो दाब या ११ मिलिमीटरमध्ये गेला, चाक खाली सुटलं की स्प्रिंग आत मोकळी, परत दाब आला की आपटणार. टक. एवढीच भानगड होती.

बरं, चालवताना गाडी एका बाजूला ओढत वगैरे अजिबात नव्हती, कारण शॉकपच्या दोन्ही नळ्या खाली एक्सलने बांधलेल्या असतात, कमीजास्त त्या वाटून घेतात. तिथेच मी फसलो.

आता माझा मुद्दा. आपल्याकडे पार्ट नवीन आहे म्हणजे चांगलाच आहे हे आपण मनात पक्कं धरून बसतो, आणि मग काही बिघडलं की उरतो तो एकच, मेकॅनिक. विकणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं. मी मेल केला, दोन स्प्रिंगा आणि पट्टी, स्वच्छ फोटो. उत्तर काय? फिट केलेला आयटम रिटर्न होत नाही, आणि फिटिंग ट्रेन्ड टेक्निशियनकडून केलं होतं का. मला खरं सांगतो त्या वाक्याचा राग आला आणि लगेच लाजही वाटली, कारण आठ दिवसांपूर्वी मी हेच मामांना चारचौघांत बोललो होतो. अरे फिट केल्याशिवाय स्प्रिंग बसेल कशी? कपाटात ठेवलेली स्प्रिंग कधी खराब निघत नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे, सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. मी दुसऱ्या मेलमध्ये तेवढं एक वाक्य आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर टाकला, बाकी शिवी नाही की धमकी नाही. चौथ्या दिवशी नवीन जोडी आली. सॉरी नाही, कारण नाही, एक बबल रॅपचं पार्सल. कोनसेटचे पैसे तर सोडाच.

ही जोडी मी मोजली. मग काकांच्या सांगण्यावरून लांब बोल्ट आणि जाड वायसर लावून एकेक स्प्रिंग पार मिटेपर्यंत दाबली, रात्रभर गॅलरीत तशीच ठेवली, बोल्ट सोडताना स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहू नका हे काकांनी तीनदा बजावलं होतं. सकाळी परत मोजली. दोन्हींची उंची पहिल्यासारखीच, आपसात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. मग मामांकडे गेलो, सॉरी म्हणालो, ते म्हणाले चहा सांगा. मजुरी विचारली तर पहिल्या वेळचीच, दुसऱ्यांदा उघडल्याची घेतलीच नाही, बळेच खिशात कोंबावी लागली.

गाडी आता मस्त, ब्रेकरला आवाज शून्य.

जुना कोनसेट माझ्याकडे डब्यात पडलाय, ग्रीस लावून ठेवलाय, २२० चा आहे, मामांच्या म्हणण्याप्रमाणे एकदम चांगला. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, फुकट देतो.